भावंडं, भडंग आणि दहावं पाकीट

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहितो आहे. सांगलीतली तीन भावंडं, ताई १३ वर्षांची, मधला १० चा, धाकटा ७ चा. आईवडील पंधरा दिवस घरी नाहीत आणि मुलं घरचा भडंगाचा धंदा एकटी सांभाळतात. खर्डा वाचणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. काय करावं?

उत्तर : आधी कढई नीट दाखवा. अर्धा किलो भडंगाच्या चुरमुऱ्यांना पाव किलो शेंगदाणे, सुमारे २०० मिली शेंगतेल, सालासकट ठेचलेल्या २०-२५ लसूणपाकळ्या, दोन मुठी कढीपत्ता, तीन चमचे तिखट, हळद, मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. चुरमुरे कोरडे भाजून कुरकुरीत करायचे. तेलात शेंगदाणे तळून काढायचे, मग लसूण, तो लालसर झाला की कढीपत्ता. गॅस बंद करून तेल जरा निवलं की हळद-तिखट. ही फोडणी, शेंगदाणे आणि मीठ चुरमुऱ्यांत हलक्या हाताने कालवायचं. साखर अगदी शेवटी, भडंग गार झाल्यावर.

तुमची प्रकरणं इथेच आहेत. तिखट कडकडीत तेलात पडलं की जळतं आणि घरभर ठसका लागतो. लसूण मऊ राहिला तर त्याचा ओलावा चुरमुऱ्यांत उतरतो. साखर गरम मालात घातली तर गोळे होतात. पण मुलं खरी फसतील ती घाईत : गरम भडंग पिशवीत भरून तोंड सील केलं की आत वाफ धरते, आणि सकाळी सगळा माल सादळलेला. हे धाकट्याला आधी कळू द्या, सारखे बकाणे तोच मारत असणार.

हिशेबही असाच हाताला लागणारा हवा. वरच्या मापात साधारण एक किलो माल होतो. शंभर ग्रॅमची दहा पाकिटं धरावीत तर भरतात नऊ. थोडा मसाला कढईला, थोडा चुरा तळाशी, थोडं पोटात. मधला ते दहावं पाकीट शोधत बसला, तर वाचकही त्याच्याबरोबर बसेल.

आता एकटेपणाचं. मोठं माणूस पूर्ण नाहीसं करू नका. पाय प्लास्टरमध्ये असलेली आजी शेगडीजवळ खुर्चीत बसवा. तिला सगळं येतं, उठता मात्र येत नाही. तेल तिच्या नजरेखालीच तापू द्या, कारण वाचणारी मुलं घरी करून बघतात. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलांना शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात हातभार लावता येतो. म्हणून गोष्ट दिवाळीच्या सुट्टीत घ्या. मागणीही तेव्हाच असते.

उधारीचा प्रसंग जपून लिहा. १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार कायद्यात टिकत नाही. गणपती पेठेतला व्यापारी ताईच्या नावावर पोतं देणार नाही. तो वडिलांच्या खात्यावर मांडेल, आणि त्याआधी त्यांना फोन लावेल. फोन लागतो की नाही, यावर एक प्रकरण सहज उभं राहील.

प्रश्न : आईवडील कृष्णेच्या पुरात अडकले असं दाखवलं तर?

उत्तर : नको. दिवाळीपर्यंत पुराचे दिवस सरलेले असतात. शिवाय सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीकडे निघालं, की शेजारीपाजारी आजीला आणि तीन पोरांना घरात राहू देणार नाहीत. भडंग मागे पडेल आणि गोष्ट पुराची होईल. त्यापेक्षा वडिलांचं ऑपरेशन ठेवा, तेही पुण्यात. मिरजेत ठेवलंत तर आई संध्याकाळच्या बसने घरी येईल आणि झारा स्वतःच्या हातात घेईल.