मेमरी महागली म्हणून आजच घ्यावी का?

प्रश्न : माझे वय २७ असून कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब पाहतो. हातात ३१,००० रुपये पगार येतो. त्यातले ११,००० घरी देतो, दुचाकीचा हप्ता ३,९०० आहे आणि माझा स्वतःचा खर्च ८,५०० च्या आसपास होतो. बचत खात्यात ७२,००० रुपये आहेत. रात्री मी यूट्यूबवर मराठीतून गेमचे थेट प्रक्षेपण करतो. त्यातून गेल्या आठ महिन्यांत दोन वेळा मिळून १८,४०० रुपये आले. संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि १६ जीबी डीडीआर४ मेमरी (रॅम) आहे. जुन्या बिलात मेमरीच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, वेग ३२००, अशी नोंद आहे. जीटीए या गेमचा रोलप्ले (खेळाडूंनी पात्रे वठवण्याचा प्रकार) चालू असताना मेमरी ८७ टक्के भरलेली दिसते आणि चित्र अडकते अशी प्रेक्षकांची तक्रार असते. टास्क मॅनेजरचा फोटो सोबत जोडला आहे. दुकानदाराने ३२ जीबीच्या जोडीचे १८,५०० रुपये सांगितले असून भाव आणखी चढणार, आजच घ्या, असा त्याचा आग्रह आहे. मित्राचे म्हणणे असे की डीडीआर४ चे दिवस संपले, तेव्हा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी एकदम बदलून डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीवर जावे. त्याला ५८,००० रुपये लागतील, पण नो-कॉस्ट ईएमआय मिळेल. मी काय करावे?

उत्तर : ५८,००० रुपयांचा विचार तुम्ही पूर्णपणे सोडून द्यावा, आणि १८,५०० रुपयांची जोडी या महिन्यात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे खाली सांगितलेली तपासणी करून मेमरी खरोखरच अपुरी पडते असे दिसले, तर त्याच्या निम्म्या खर्चात काम भागण्याची चांगली शक्यता आहे. तुम्ही पत्रासोबत फोटो पाठवला हे बरे केले, कारण त्या फोटोतल्या दोन ओळींवर या निर्णयाचा बराच भाग ठरतो.

आधी दुकानदाराच्या आग्रहाबद्दल. भाव चढले आहेत हे त्याचे म्हणणे खरे आहे. जगातली बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी एचबीएम मेमरी बनवण्याकडे त्यांनी आपली बरीच उत्पादनक्षमता वळवली आणि जुन्या डीडीआर४ चे उत्पादन आटोपते घेतले, त्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात घरगुती संगणकाच्या मेमरीचे भाव झपाट्याने वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. मात्र याच धंद्याचा मागचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. २०१७-१८ मध्ये मेमरी अशीच कडाडली होती आणि २०१९ मध्ये उतरली, आणि २०२३ मध्ये तर मागणी इतकी घटली की याच कंपन्यांना मेमरीच्या धंद्यात मोठा तोटा सोसावा लागला. नवे कारखाने उभे राहायला काही वर्षे जातात, त्यामुळे दोन-चार महिन्यांत भाव उतरतील या आशेवर कोणी बसू नये. पण भाव यापुढे चढतच राहतील, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाचा हिशेब वेगळा आहे. समजा तुम्ही तीन महिने थांबलात आणि तेवढ्यात भाव २० टक्क्यांनी वाढला, तर तुमचे ३,७०० रुपये जास्त जातील. उलट आज मेमरी घेतली आणि चित्र अडकायचे कारण दुसरेच निघाले, तर १८,५०० रुपये खर्चूनही तक्रार जागच्या जागी राहील आणि त्या खऱ्या कारणावर पुन्हा वेगळा खर्च करावा लागेल. भाववाढीची भीती ही गरज नक्की ठरलेल्या वस्तूच्या बाबतीतच खरेदी लवकर करण्याचे कारण होऊ शकते. तुमच्या पत्रातून ती गरज अजून सिद्ध होत नाही.

आता फोटोकडे वळू. त्यात मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे वेग २४०० असा दिसतो आणि चारपैकी दोन स्लॉट वापरात असल्याचे दिसते. तुम्ही जुन्या बिलाचा जो तपशील लिहिला आहे, त्यात मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्या ३२०० वेगाच्या असल्याची नोंद आहे. याचा अर्थ, ज्या वेगाचे पैसे तुम्ही मोजले तो वेग तुम्ही आजवर वापरलेलाच नाही. बहुतेक मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरी सावधपणे कमी वेगावर चालवतात, आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचा पर्याय चालू केल्याशिवाय तो वेग वाढत नाही. संगणक जोडून देणारे अनेक जण हे करायचे विसरतात. या बदलाने मेमरीची जागा वाढणार नाही, हे खरे. पण रायझनच्या तुमच्या पिढीत मेमरीच्या वेगाचा परिणाम गेमच्या गतीवर स्पष्ट जाणवतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. त्यामुळे पहिले काम हेच.

दुसरे काम ओबीएसमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे स्टॅट्स नावाची चौकट उघडता येते आणि प्रक्षेपण चालू असताना किती फ्रेम कोणत्या कारणाने गळाल्या, हे ती तीन वेगवेगळ्या ओळींत दाखवते. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल, तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे. अशा वेळी गेमची फ्रेम-मर्यादा ६० वर बांधली की बहुधा फरक पडतो. एन्कोडिंग लॅग वाढत असेल, तर व्हिडिओ दाबून पाठवण्याचे काम उरकत नाही. ते प्रोसेसरवर चालू असेल तर तुमच्या कार्डात त्यासाठीच असलेल्या एनव्हीएनसी या स्वतंत्र भागाकडे द्यावे, तेही फुकट होते. आणि नेटवर्कच्या ओळीत फ्रेम गळत असतील, तर अडचण घरच्या इंटरनेटची आहे. मग वाय-फायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत काही शे रुपयांची लॅन केबल ओढणे, किंवा बिटरेट (दर सेकंदाला पाठवायच्या डेटाचे प्रमाण) थोडा उतरवणे, हाच उपाय.

इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला विशेष वाटली. चित्र अडकते असे प्रेक्षक म्हणतात, पण खेळताना तुम्हाला स्वतःला झटके बसतात असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. मेमरी खरोखर संपते तेव्हा विंडोज काही मजकूर एसएसडीवर हलवते, आणि एसएसडी मेमरीच्या मानाने फारच संथ असल्याने सगळा गेमच क्षणभर थबकतो. म्हणजे त्रास आधी खेळणाऱ्याला होतो. तुमचा गेम सुरळीत चालत असून केवळ प्रेक्षकांकडे चित्र अडकत असेल, तर माझा संशय मेमरीपेक्षा इंटरनेटवर किंवा एन्कोडिंगवर जास्त आहे.

८७ टक्क्यांच्या आकड्याचेही तसेच. १६ जीबीपैकी तेवढी भरली म्हणजे सुमारे २ जीबी शिल्लक आहे. ही शिल्लक तुटपुंजी आहे, पण मेमरी संपलेली नाही. रोलप्लेच्या सर्व्हरवर जादा गाड्या, इमारती आणि कपडे भरलेले असतात, म्हणून मूळ गेमपेक्षा तिथे मेमरी जास्त लागते हे मान्य. मात्र त्याच वेळी ब्राउझरमध्ये डझनभर टॅब, डिस्कॉर्ड, पट्ट्यांचे रंगीत दिवे चालवणारे सॉफ्टवेअर आणि ओबीएसमधले ब्राउझर सोर्स उघडे असतील, तर तीन-चार जीबी तिथेच गेलेली असते. चॅट मोबाइलवर वाचा, लागत नाही ते बंद करा, आणि एक पूर्ण रात्रीचे प्रक्षेपण करून पाहा. टास्क मॅनेजरमधला अव्हेलेबल हा आकडा रात्रभर दीड-दोन जीबीच्या वर राहिला, तर मेमरीवर खर्च करण्याचे कारण नाही. तो वारंवार अर्ध्या जीबीच्या खाली जात असेल, रिसोर्स मॉनिटरमध्ये गेमच्या नावापुढे हार्ड फॉल्टचा (मेमरीत नसलेला मजकूर डिस्कवरून आणावा लागल्याचा) आकडा सतत हलत असेल आणि त्याच क्षणी तुमचा गेमही थबकत असेल, तर गरज सिद्ध झाली असे मी मानेन.

गरज सिद्ध झाली, तरी ३२ जीबीची नवी जोडी घेण्याची घाई नको. तुमचे दोन स्लॉट रिकामे आहेत. त्यांत ८ जीबीच्या आणखी दोन पट्ट्या बसवल्या की एकूण ३२ जीबी होते आणि आधी घेतलेल्या पट्ट्याही वाया जात नाहीत. शक्य तोवर त्याच कंपनीच्या, त्याच वेगाच्या पट्ट्या पाहाव्यात. चार पट्ट्या भरल्यावर तुमच्या प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेप्रमाणे वेग थोडा खाली ठेवावा लागू शकतो, पण जागेची टंचाई असलेल्या माणसाने एवढी तडजोड खुशाल करावी. दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : माझ्या जुन्या १६ जीबीचे किती देता? भाववाढ झाली ती तुमच्या संगणकातल्या पट्ट्यांचीही झाली आहे. त्यांची चांगली किंमत मिळत असेल, तर मोठ्या जोडीचा खरा खर्च १८,५०० पेक्षा बराच कमी ठरतो, आणि तेव्हा दोन्ही पर्यायांची तुलना निव्वळ रकमेवर करता येते. जुन्या पट्ट्यांचे नाव काढताच दुकानदार विषय बदलू लागला, तर दुसऱ्या दुकानात विचारा.

आता पैसे कुठून आणायचे हा मुद्दा. तुमचा ठरलेला मासिक खर्च २३,४०० रुपये आहे, म्हणजे खात्यातले ७२,००० रुपये हा जेमतेम तीन महिन्यांचा आधार आहे. त्यातून १८,५०० काढले तर तो सव्वादोन महिन्यांवर येतो, आणि ५८,००० काढले तर अठरा दिवसांवर. घरात तुमच्या ११,००० रुपयांवर अवलंबून असलेली माणसे आहेत आणि तुमचा पगार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेबाहेर असल्याने त्या योजनेचे उपचारही तुमच्या कुटुंबाला मिळत नसावेत. आईवडिलांचा आरोग्यविमा आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल, तर संगणकाच्या कोणत्याही सुट्या भागाआधी त्याचा विचार करा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही उठला आहे. ७२,००० रुपये मी तरी या कामासाठी हात न लावण्याचे पैसे समजतो.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढेच, की त्यात बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करून दाखवतो. १८,००० रुपयांची वस्तू बारा हप्त्यांत घेतली आणि व्याजाचा दर १५ टक्के धरला, तर हप्त्यांतले व्याज १,४०० च्या आसपास येते, त्यावर १८ टक्क्यांनी सुमारे २५० रुपये जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलतही बहुधा हातची जाते. शिवाय दरमहा तुमच्याकडे ७,६०० रुपये उरतात आणि दुचाकीचा हप्ता अजून चालू आहे. ५८,००० चा हप्ता त्यात बसवला, तर बचत बरीच घटेल. मित्राच्या सल्ल्यात तांत्रिक अडचणही आहे. डीडीआर५ ही आजच्या बाजारात डीडीआर४ इतकीच किंवा त्याहून महाग पडते आणि तुमच्या बोर्डात ती बसत नाही, म्हणून सगळा सांगाडा बदलावा लागतो. दोन वर्षांनी प्रोसेसर कमी पडू लागला, तर तुमच्या एएम४ (प्रोसेसर बसवण्याच्या सॉकेटचा प्रकार) बोर्डावर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसू शकतो, आणि तेव्हाही आजचीच मेमरी चालेल.

‘खर्च दाखवला की कर वाचतो’ असेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो हे खरे, पण तुमचा पगार आणि चॅनलचे उत्पन्न मिळून नव्या करप्रणालीत तुमचा कर आधीच शून्य आहे, त्यामुळे वाचवण्यासारखे काही उरत नाही. विवरणपत्र भराल तेव्हा मात्र हे उत्पन्न दाखवायला विसरू नका. त्यासाठी पगारदारांचा आयटीआर-१ चालत नाही.

आठ महिन्यांतली चॅनलची सगळी कमाई १८,४०० आणि मेमरीची जोडी १८,५०० रुपयांची, हे दोन आकडे एकमेकांशेजारी लिहून ठेवा. म्हणून माझी सूचना अशी, की आजपासून यूट्यूबचे पैसे पगाराच्या खात्यात न घेता वेगळ्या बचत खात्यात घ्यावेत आणि संगणकाचा प्रत्येक खर्च फक्त त्या खात्यातून करावा. १०० डॉलरची मर्यादा ओलांडल्याशिवाय पैसे येत नाहीत, त्यामुळे तुमचा पुढचा हप्ता तीन-चार महिन्यांनी पडेल. तो साधारण ९,००० रुपयांचा असेल, आणि तीच मेमरीसाठीची तुमची कमाल रक्कम. तोवर वरच्या तपासण्या निवांत होतील आणि लॅन केबलचा खर्च महिन्याच्या शिलकीतून निघेल.

पट्ट्या घ्याच असे ठरले, तर जीएसटीचे बिल मागा, त्यावर सीरियल क्रमांक लिहून घ्या आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे हे लेखी घ्या. घरी आल्यावर पहिल्याच रात्री चारही पट्ट्या बसवून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. सकाळी एकही चूक दिसली, तर त्याच दिवशी पट्ट्या परत द्या.