वाचकांचे प्रश्न : स्पेक्ट्रमच्या मुक्या कळा

प्रश्न : घरात रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम 48के हा जुना घरगुती संगणक आहे. सुरू केला की 1982 चा कॉपीराइट संदेश व्यवस्थित येतो, पण ए, एस, डी, एफ, जी या पाच कळा अजिबात चालत नाहीत. बाकी सगळ्या चालतात. नवा मेम्ब्रेन (कळांखालचा संपर्कांचा पातळ प्लास्टिक पडदा) मागवावा का?

उत्तर : एवढ्यात मागवू नका. नेमक्या कोणत्या कळा गेल्या, यावरूनच बिघाड कुठे आहे ते कळते आणि तुम्ही ते अचूक लिहिले आहे. स्पेक्ट्रमच्या 40 कळा 8 गट आणि 5 स्तंभ अशा जाळीत बसवलेल्या आहेत. कीबोर्डाची प्रत्येक आडवी रांग मधोमध दुभागली की पाच-पाच कळांचे दोन गट होतात. मेम्ब्रेनमधून दोन पातळ शेपट्या निघतात. 8 रेषांची शेपटी गटांची, 5 रेषांची स्तंभांची. एक अख्खा गट गेला असेल, तर 8 रेषांच्या शेपटीतली एक रेष तुटली आहे किंवा बोर्डावरच्या डी1 ते डी8 या डायोडपैकी (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांपैकी) एक आतून तुटला आहे. याउलट 1, क्यू, ए, 0, पी, एंटर, स्पेस आणि कॅप्स शिफ्ट अशा विखुरलेल्या आठ कळा एकदम गेल्या असत्या, तर संशय 5 रेषांच्या शेपटीवर घ्यायचा.

शेपटी की डायोड, हे ठरवायला तारेचा एक तुकडा पुरतो. वीज बंद करा. खालचे पाच स्क्रू काढा आणि कोणता कुठला ते लक्षात राहील असे मांडून ठेवा. झाकण एकदम उचलू नका, कारण शेपट्या बोर्डात अडकलेल्या असतात. त्या सॉकेटच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. आता वीज सुरू करा. एकेरी तारेचे एक टोक 5 च्या सॉकेटमधल्या एका संपर्काला लावून धरा आणि दुसरे 8 च्या सॉकेटमधल्या प्रत्येक संपर्काला टेकवत जा. दर वेळी एखादी कळ दाबल्यासारखे पडद्यावर काहीतरी उमटले पाहिजे. कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकट्याने काही दाखवत नाहीत, म्हणून एखादी जोडी गप्प राहिली तर 5 च्या सॉकेटमधला तिसरा किंवा चौथा संपर्क धरून पुन्हा पाहा. तार या दोन सॉकेटांखेरीज बोर्डावर कुठेही टेकता कामा नये.

आठही संपर्क बोलले, तर बोर्ड ठीक आहे आणि दोष मेम्ब्रेनचा. एक गप्पच राहिला, तर वीज बंद करून मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर त्या रेषेवरचा डायोड तपासा. एका बाजूने 0.5 ते 0.7 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा, उलट बाजूने काहीच नको. बदलायचा झाला तर 1एन4148 लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. डायोडवरच्या पट्ट्याची बाजू मात्र जुन्यासारखीच ठेवा.

आणि एक कळकळीची सूचना. या यंत्राला 9 व्होल्टचा असा अडॅप्टर लागतो, ज्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. बाजारात सहज मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट, मध्ये धन असलेले असतात. तसा लावला तर कीबोर्ड बाजूला राहील आणि बोर्डच जाईल.

प्रश्न : शेपटी सॉकेटच्या तोंडाशीच चिरली आहे. चिकटवता येईल का?

उत्तर : टिकणार नाही. चाळीस वर्षांत ते प्लास्टिक कडक होते, आतल्या उष्णतेने आणखी ठिसूळ होते आणि जिथे वाकते तिथेच तडकते. चांदीच्या वाहक रंगाने रेष जोडली, तरी झाकण लावताना शेपटी पुन्हा वाकते आणि जोड सुटतो. लांबी पुरत असेल तर चिरलेले 3–4 मिलिमीटरचे टोक कात्रीने सरळ कापून शेपटी परत बसवता येते, पण हा उपाय एकदाच चालतो. खरा इलाज नवा मेम्ब्रेन. ते आजही नव्याने तयार होऊन विकले जातात.

बसवताना सगळ्यात जपायची ती वरची धातूची पट्टी. ती कडेने दुहेरी चिकटपट्टीने लावलेली असते. हेअर ड्रायरने कडा कोमट करून प्लास्टिकच्या पातळ पातीने एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा. घाई केली की ॲल्युमिनियमला मुरड पडते आणि ती पुन्हा कधीच जात नाही. पट्टीखाली रबराची चादर, तिच्याखाली मेम्ब्रेन. नवा मेम्ब्रेन ठेवून शेपट्या फटीतून खाली घ्या आणि पट्टी चिकटवण्याआधी शेपट्या जोडून चाळीसही कळा दाबून बघा. ही पायरी गाळली तर पट्टी दुसऱ्यांदा उचलावी लागते.

प्रश्न : ओ आणि पी कधी लागतात, कधी नाही. खात्री कशी करायची?

उत्तर : हा दोन ओळींचा प्रोग्राम चालवा : 10 प्रिंट ॲट 0,0;इन 57342 आणि 20 गो टू 10. ‘इन’ हा शब्द आणायला कॅप्स शिफ्ट व सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून आय दाबा. कळांना हात न लावता बोर्डाच्या आवृत्तीनुसार 255 किंवा 191 दिसेल. पी दाबल्यावर त्यातून 1 वजा होतो, ओ दाबल्यावर 2, आय 4, यू 8, वाय 16. कळ धरून ठेवली असताना आकडा डळमळत असेल, तर आतला संपर्क झिजला आहे. हात न लावताच आकडा कमी दिसत असेल, तर कळ आतून चिकटली आहे. बऱ्याचदा कारण पट्टीखाली गेलेली धूळ किंवा रबराची दुमडलेली चादर असते; मेम्ब्रेन बदलण्याआधी तेवढे पाहून घ्या. स्तंभांच्या रेषांवर 10 किलोओहमचे रेझिस्टर आहेत. दाबलेल्या कळेचा रोध फार वाढला, की रेष पुरेशी खाली ओढली जात नाही आणि कळ लागली की नाही हे यंत्राला ठरवता येत नाही.

प्रश्न : पी दाबले की पी न येता ‘प्रिंट’ असा अख्खा शब्द येतो. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही. कर्सर ‘के’ दाखवत असताना प्रत्येक अक्षराची कळ एक आज्ञा लिहिते : जे म्हणजे लोड, जी म्हणजे गो टू. कर्सर ‘एल’ झाला की अक्षरे येतील.

प्रश्न : माझ्याकडे भारतात विकला गेलेला डीबी स्पेक्ट्रम आहे. त्यालाही हेच लागू पडते का?

उत्तर : तो परवान्याने तयार झालेला स्पेक्ट्रम प्लस (कडक कळांचे मॉडेल) आहे, त्यामुळे जाळी, शेपट्या, डायोड आणि तारेची चाचणी तीच. मेम्ब्रेन मात्र वेगळा. ‘डिलीट’सारखी कळ आत कॅप्स शिफ्ट आणि 0 या दोन्ही एकदम दाबते, म्हणून त्यात जास्तीचे थर असतात. रबरी मॉडेलचा मेम्ब्रेन त्यात बसत नाही. मागवताना ‘प्लस’ हा शब्द तपासून घ्या. तारेच्या चाचणीत एखादा अख्खा स्तंभ गप्प राहिला, तर वीज बंद करून सॉकेटमधली यूएलए चिप (कीबोर्ड वाचणारी मोठी चिप) दोन्ही टोकांकडून थोडी-थोडी उचलून काढा, पायांवरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि खाचेची दिशा जुळवून परत बसवा. एवढे केल्यावरच चिप गेली का, याचा विचार करा.