पहाटे चारची चादर

ताई,
मी ३६ वर्षांची, सांगलीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज, जखमा आणि रक्त पडणं. सगळी औषधं झाली, शेवटी मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याच्याच टोकाची शौच साठवायला आत थैली, म्हणजे जे-पाउच, केला. पोटावर तीन महिने शौचाची पिशवी होती, ती बदलताना मिस्टरही हात लावायचे. ती काढून आतडं परत जोडल्याला सात आठवडे झाले. घरचे म्हणतात, ‘सुटलीस बाई एकदाची.’ पण आठवड्यातून चार-पाच रात्री झोपेतच शौचाला होतं. पहाटे चारला उठून, कुणाला कळायच्या आत चादर धुते. पाठ दुखते असं सांगून हॉलमध्ये खाली झोपते. दुपारनंतर काही खात नाही. बसायच्या जागेची आग होते आणि गेले दहा दिवस आत, माकडहाडापाशी ठणकतं. मेडिकलमधून गोळ्या आणून घेते. हे माझ्याच बाबतीत का होतंय? असंच राहणार असेल तर पिशवीच बरी होती.
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

बाकीचं मागाहून बोलू, आधी ते माकडहाडापाशीचं ठणकणं. ऑपरेशननंतर दुखणं ओसरत जायला हवं. तुझं तर पाच आठवडे झाल्यावर नव्याने सुरू झालंय आणि दहा दिवस टिकलंय. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. उद्या सकाळी सर्जनला फोन कर आणि ‘जरा दुखतंय’ असं मोघम सांगू नकोस. कधीपासून, कुठे, बसल्यावर वाढतं का, शौचाला किती वेळा जाते, रक्त दिसतं का, हे सगळं कागदावर लिहून घे आणि वाचून दाखव. पाउचला सूज आली असेल, जोडाच्या जागी आतडं अरुंद झालं असेल किंवा ओटीपोटात कुठे पू साठला असेल. तपासल्याशिवाय हे कुणालाच सांगता येणार नाही, पण यातल्या प्रत्येकावर उपचार आहेत. पाउचची सूज, म्हणजे पाउचायटिस, कोलायटिससाठी हे ऑपरेशन केलेल्या कितीतरी जणांना कधी ना कधी होते आणि बहुतेकदा अँटिबायोटिकच्या कोर्सने उतरते. त्या सुजेत रात्रीचं गळणंही वाढतं. म्हणजे तुझी दोन्ही दुखणी एकाच मुळाची असू शकतात. ताप किंवा थंडी वाजून आली तर उद्याची वाट पाहू नकोस. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि खाली काहीच होईना, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कॅज्युअल्टीत जा.

आणि त्या मेडिकलच्या गोळ्या आजपासून बंद. पाकिटावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक लिहिलंय का बघ. घरोघरी डब्यात असणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं. या जातीची वेदनाशामकं पाउचला मानवत नाहीत, सूज भडकवू शकतात. साधं पॅरासिटॅमॉल चालतं, तेही किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

आता रात्रीचं. हे तुझ्याच बाबतीत का होतंय, असं तू विचारलं आहेस. बाई गं, हे तुझ्या एकटीचं नाही. गुदद्वाराला दोन स्नायूंची कडी असतात. बाहेरचं आपण ठरवून आवळतो. आतलं आपल्याला न विचारता दिवसरात्र आवळलेलं राहतं, झोपेत राखण करतं ते हे आतलं. पाउच जोडताना त्यावर ताण पडतो आणि ते काही काळ सैल राहतं. गाढ झोप लागली की बाहेरचंही सैलावतं. त्यात मोठं आतडं नाही, म्हणजे पाणी शोषून घेणारा अवयवच गेला, आणि येतं ते पातळ. पातळ थोपवायला भल्याभल्यांना जमत नाही. पाउचही अजून लहान आहे, त्याला हळूहळू ताणून जागा करून घ्यायची आहे. सात आठवडे म्हणजे या कामाची नुसती सुरुवात. बहुतेकांचं वर्षभरात दिवसाला चार ते आठ वेळांवर येतं, त्यात रात्री एखाद्या वेळी. काहींना पुढेही अधूनमधून रात्री डाग पडतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण आठवड्यातून पाच रात्री हा काही तुझा कायमचा हिशोब नव्हे.

माझ्या धाकट्या भावाचं हेच ऑपरेशन झालं, म्हणून हे इतकं जवळून ठाऊक आहे. आईने त्याच्या पलंगावर अंथरूण दोनदा घालायला सुरुवात केली. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री काही झालं की वरचे दोन थर गुंडाळून बादलीत टाकायचे, खालचं अंथरूण तयारच. उशाशी जुन्या सुती साडीची फडकी, एक पायजमा, क्रीमची डबी. सगळा कारभार पाच मिनिटांत उरकायचा आणि तो परत झोपायचा. हल्ली लहान मुलांची ड्राय शीट मोठ्या मापातही मिळते, ती आण. झोपताना मोठ्यांचा पॅड किंवा पुल-अप डायपर घाल. मासिक पाळीचा पॅड घालताना लाज वाटत नाही, तशीच याचीही वाटायला नको. आणि एक बारीकशी गोष्ट: सध्या झोपल्या झोपल्या गॅस सोडायचा नाही. उठून संडासात जायचं. गॅस आहे की आणखी काही, हे ओळखायला पाउचला अजून शिकायचंय.

दुपारनंतर उपाशी राहणं मात्र सोड. पोट रिकामं असलं तरी छोट्या आतड्याचे रस पाझरतच राहतात, आणि आग त्यांनीच होते. संध्याकाळी सातच्या आत जेव, झोपायच्या तीन तास आधी. मऊ भात, दही, उकडलेला बटाटा, केळं, साबुदाण्याची खिचडी, तीही मिरची न घालता. ठेचा आणि तांबडा रस्सा सध्या नको, तिखट जाताना दुसऱ्यांदा भाजतं. चहा-कॉफी रात्री नको. पाणी मात्र तोडू नकोस, दिवसा भरपूर पी. पेज मिठाची घे, ताकात मीठ घाल. चक्कर आली, लघवी गडद झाली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमच्याने मोजून.

इसबगोलाचं ऐकून तुझ्या सासूबाई चमकतील. आपल्याकडे तो पोट साफ व्हायला, भांडंभर पाण्यासोबत घेतात. तुला उलटं करायचंय: चमचाभर इसबगोल अगदी थोड्या पाण्यात किंवा दह्यात कालवून, म्हणजे तो आतलं पाणी धरून घट्टपणा आणतो. पण जोडाची जागा अरुंद असेल तर तो अडकू शकतो, म्हणून आधी तपासणी, मग इसबगोल. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थोपवणारी गोळी, तिच्याबद्दलही सर्जनला विचार. जेवणाआधी अर्धा तास आणि झोपताना ही गोळी पाउच असलेल्या कितीतरी जणांना दिली जाते. पण ताप असताना किंवा रक्त पडत असताना आपल्या मनाने घ्यायची नाही. आवळण्याचे व्यायाम सुरू करायचे का, तेही त्याच भेटीत विचारून घे. गॅस धरून ठेवल्यासारखं आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं, श्वास रोखायचा नाही. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर फारच उत्तम.

आगीवर उपाय साधा आहे, पण दर वेळी करायला हवा. कागदाने पुसू नको. कोमट पाण्याने हलक्या हाताने धू, साबण नको, जंतुनाशक तर मुळीच नको. मऊ फडक्याने टिपून घे, घासू नको. पूर्ण कोरडं झालं की बाळांच्या रॅशला लावतात ते झिंक ऑक्साइडचं क्रीम जाड थापून लाव, कातडी सोलायची वाट न पाहता. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बस.

तुझ्या पत्रातली ‘सुटलीस बाई एकदाची’ ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचली. नऊ वर्षं रक्त पडत होतं तेव्हा घराला ते दिसत होतं. पिशवी दिसत होती. आता बाहेरून काही दिसत नाही, म्हणून त्यांच्या लेखी आजार संपला, आणि त्यांचा आनंद मोडायला नको म्हणून तू चार वाजता नळाला पाणी यायची वाट बघत उभी राहतेस. पिशवी गेली म्हणजे बरी झालीस असं नाही, आता शिकण्याचे महिने सुरू झालेत, हे घरात कुणीच सांगितलेलं नाही. तूच सांग. मिस्टरांना, दिवसा, मुलं बाहेर असताना. ‘अहो, पाठ दुखत नाही. रात्री झोपेत मला शौचाला होतं, ऑपरेशनमुळे. कमी होईल, पण वेळ लागेल. मला एकटीला झोपायचं नाहीये.’ एवढंच. ज्या माणसाने तुझी पिशवी बदलताना हात लावला, असं तूच लिहिलंयस, तो यानं बिचकेल असं मला वाटत नाही. बिचकलाच, तर सर्जनच्या भेटीला त्याला बरोबर ने, तिथे ऐकू दे. सासूबाईंना मात्र सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. ‘अजून वर्षभर पथ्य आहे’ एवढं पुरे.

पिशवीच बरी होती, असं म्हणालीस. काही जण खरंच परत पिशवीकडे जातात आणि सुखाने नोकऱ्या, प्रवास करतात. त्यात हार नाही. पण तो निर्णय सातव्या आठवड्यात, अर्ध्या झोपेत, उपाशीपोटी घ्यायचा नसतो. आतली तपासणी होऊ दे, वर्ष जाऊ दे, मग ठरव.

आज रात्री अंथरूण दोनदा घाल, आपल्या खोलीत. काही झालं तर वरचे थर बादलीत भिजत टाक आणि झोप. सकाळी कोण धुतं ते सकाळी बघू.

तुझी,
ताई