विचारा ताईंना : बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्च

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला भाड्याच्या घरात राहतो, भाडं ९,५००. मिस्टरांच्या हातात ३८,००० येतात, माझ्या २६,०००, मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मार्चच्या मध्याची तारीख दिलीय. बचत १,४०,०००. सामानाची यादी करायला बसलो तर पाळणा, स्ट्रोलर, स्टरलायझर, डायपर सगळं धरून आकडा साठ हजारांच्या वर गेला. त्यात सासूबाईंना बारसं हॉल घेऊन करायचंय, मालिशवाल्या मावशी महिन्याचे ६,००० सांगतायत. टेन्शनने झोप लागत नाही. एवढ्यात वर्ष निघेल का?

उत्तर : निघेल गं, नीट निघेल. पण सामानाची यादी आधी बाजूला ठेव, कारण पहिल्या वर्षात पैसा सामानावर जातो त्यापेक्षा जास्त दोन ठिकाणी जातो, एक हॉस्पिटल आणि दुसरं म्हणजे तू कामावर परत गेल्यावर बाळाला सांभाळणारं माणूस. या दुसऱ्याचा हिशोब बहुतेक घरांत कुणी करतच नाही, आणि मग सहाव्या-सातव्या महिन्यात एकदम ओढाताण सुरू होते.

तुझ्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील आणि बाळंतपणाआधीच्या वर्षात तू किमान ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा हा तुझा हक्क आहे, २०१७ पासून कायदाच आहे तो. यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. तब्येत बरी असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर आधी कमी घे, बाळासोबत जास्त मिळेल. समज एक मार्चपासून रजा घेतलीस तर ऑगस्ट संपता संपता संपेल. म्हणजे सप्टेंबरपासून पाळणाघर किंवा बाई. तेव्हा आत्ताच, पोट घेऊन फिरणं जमतंय तोवर, घराजवळची दोन-तीन पाळणाघरं बघून ये, फी विचार, सहा महिन्यांचं बाळ घेतात का ते विचार (बरेच जण वर्षाच्या आतलं घेत नाहीत). कंपनीत पन्नास किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय देणंही कायद्यात आहे, एचआरला मेल टाकून लेखी विचार, तोंडी नको.

आता मुख्य गोष्ट. पाळणाघराची जी फी कळेल ना, समज ७,००० कळली, तर ती मार्चपासूनच भरायला लाग, स्वतःच्या आरडीत (दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायचं बँकेचं बचत खातं). रजेत पगार पूर्ण येतोय, तुझा जायचा-यायचा खर्च नाही, बाहेरचं खाणं नाही, त्यामुळे ते पैसे निघतात. सहा महिन्यांत ४२,००० साठतील, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे सप्टेंबरमध्ये घरखर्चाला धक्का बसत नाही, कारण तेवढे पैसे वजा करून जगायची सवय आधीच झालेली असते.

बचतीतले ६०,००० हॉस्पिटलसाठी बाजूला काढ आणि त्याला कशासाठीही हात लावू नको. हॉस्पिटलमध्ये नॉर्मलचं आणि सिझरचं पॅकेज दोन्ही लिहून माग, त्यात बाळाच्या डॉक्टरांची फी धरलीय का, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर दिवसाला किती, हे विचारायला अजिबात लाजू नको. कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स असेल तर मॅटर्निटीची मर्यादा किती, बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का आणि जन्मानंतर किती दिवसांत त्याचं नाव जोडायचं, हे तिन्ही आत्ता विचारून ठेव. ही मुदत बऱ्याचदा फार कमी असते आणि तेव्हा घरात कुणाला भान नसतं. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते, नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, नाव वर्षभरात फी न देता घालता येतं.

लसींचं सांगते, कारण इथे लोक उगाच घाबरून पैसे घालवतात. महापालिकेच्या दवाखान्यात बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, दीड-अडीच-साडेतीन महिन्यांची पाच रोगांवरची पेंटा, जुलाबावरची रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला, सगळं मोफत आहे आणि संरक्षणात काही कमी नाही. प्रायव्हेटच्या 'पेनलेस' लसीने ताप कमी येतो, पाय कमी दुखतो, फरक मुख्यतः एवढाच, आणि तिथे एका फेरीचं बिल हजारांत जातं. फ्लू, टायफॉइड अशा सरकारी यादीबाहेरच्या लसींचं बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरव, तेवढ्यासाठी पैसे ठेव.

डायपरचं गणित कागदावर मांडून बघ. नवीन बाळाला दिवसाला आठेक लागतात, एक दहा रुपयांचा धरला तरी महिन्याला २,४०० झाले. दिवसा जुन्या मऊ साडीचे, धोतराचे लंगोट आणि रात्री व बाहेर जाताना डायपर असं केलंस तर सहाशेत भागतं, बाळाच्या त्वचेलाही बरं. मात्र धुवायला माणूस हवं, बाळंतिणीने लंगोट धुवत बसायचं नाही, ते मिस्टरांकडे दे. सेलमधले मोठे पॅक आत्ता घेऊन ठेवू नको, न्यूबॉर्न साइज काही आठवड्यांत लहान होते. (२२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या छापील किमतीचा माल कुणी गळ्यात मारत असेल तर बघून घे.) स्ट्रोलर आत्ता नको. पाळणा नात्यात कुणाचा तरी माळ्यावर पडलेला असणारच, झबली-टोपडी पण वापरलेली माग, धुऊन मऊ झालेली जास्त चांगली. स्टरलायझरचं काम पातेल्यात पाणी उकळून होतं, आणि ते पण वरचं दूध लागलं तरच. सहा महिने आईचं दूध, मग नाचणी सत्त्व, मऊ वरणभात, त्याला डब्यातल्या सिरीअलची गरज नाही. मीठ-साखर आणि मध मात्र वर्षाच्या आत नको, गुटीतूनही मध नको.

मावशींना ठेव. सव्वा महिन्याचे साडेसात-आठ हजार होतील, पण ते तुझ्या अंगासाठी आणि झोपेसाठी आहेत, ते वाचवू नको. बारसं घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, पंधरा हजारांत बसवा. सासूबाईंना "नको" म्हणण्यापेक्षा मिस्टरांनी कागद समोर ठेवून सांगावं की बचतीतल्या १ लाख ४० हजारांतले हॉस्पिटलचे ६०, सप्टेंबरपासून बाळ सांभाळण्यासाठी हाताशी ४०, सामान आणि मावशींचे २५, उरले १५ हजार, यात तुमच्या मनासारखं करा. बहुतेक सासवा ऐकतात, कारण आकडा समोर असतो. आणि अहेराचं कुणी विचारलं तर स्पष्ट सांग, सहा महिन्यांपुढच्या मापाचे कपडे द्या, नाहीतर सगळे एवढी-एवढीशी झबलीच आणतात.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात घरीच ब्लाउज शिवते. रजा-पगार काही नाही. पहिलंच बाळ आहे, पाचवा महिना. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : आहे. गावातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना या आठवड्यातच भेटा आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरा. पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, ३,००० गरोदरपणी नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. पुढे दुसरी मुलगी झाली तर ६,०००. उत्पन्नाची वगैरे अट आहे, रेशनकार्ड किंवा ई-श्रम कार्ड घेऊन जा, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधी बघा, पैसे बहुतेक तिथेच अडकतात. बाळंतपण सरकारी दवाखान्यात केलं तर सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, गाडी सगळं मोफत, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर तिथले उपचारही. तुमचा खरा खर्च म्हणजे मशीन बंद राहील ते महिने. आत्ता लग्नसराईचे ब्लाउज येत असतील तर प्रत्येकामागे ठरावीक रक्कम वेगळ्या डब्यात टाका, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगा कधीपासून कधीपर्यंत बंद. न सांगता बंद ठेवलं की गिऱ्हाईक तुटतं.

प्रश्न : मला नात झाली. २५,००० द्यायचेत. एजंट मुलांची पॉलिसी घ्या म्हणतोय, मला सुकन्येचं खातं काढावंसं वाटतं. (एक आजी, इचलकरंजी)

उत्तर : आजी, पॉलिसी नको. विमा कमावत्या आई-बापाचा हवा, टर्म प्लॅन (माणूस गेलं तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा). सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना चांगली आहे, वर्षाला २५० पासून भरता येतं, पण खातं आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनीच काढायचं असतं, आजीच्या नावाने नको. आणि पैसे खातं काढल्यापासून एकवीस वर्षं अडकतात, मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंतच काढता येतात. म्हणून मला विचाराल तर पाच हजार सुकन्येत भरायला नातीच्या आईकडे द्या, आणि वीस हजार त्या आईच्याच खात्यात टाका, ती कामावर जाईल तेव्हा पाळणाघराचे पहिले महिने त्यातून निघतील.