पुठ्ठ्याची मासेमारी नौका: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात १५ मीटर लांबीच्या किनारी ट्रॉलरची (जाळे ओढत मासे पकडणाऱ्या नौकेची) १:१०० प्रमाणातील प्रतिकृती कार्डशीट व पुठ्ठ्यापासून कशी करावी, याची कृती दिली होती. त्यावर विदर्भातील ग्रामीण वाचकांची बरीच पत्रे आली. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेला एका परिचितांनी जर्मन बनावटीचा छापील कागदी संच भेट दिला आहे. त्यातील मासेमारी नौका १:२५० प्रमाणात असल्याने पूर्ण झाल्यावर जेमतेम सहा सेंटिमीटर भरेल. मुलांच्या हाताला इतके बारीक काम झेपत नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढून तो मोठा करता येईल का?
— एक शिक्षिका, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : येईल, परंतु झेरॉक्स यंत्र कागदावरील रेघा मोठ्या करते, कागदाची जाडी मोठी करत नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. कागदी नौकांचे जर्मन संच बहुधा १:२५० आणि पोलंडचे १:२०० या प्रमाणात निघतात. मोठ्या जहाजांसाठी ते सोयीचे असले तरी १५ मीटरची नौका त्यात काडेपेटीएवढी होते. आपण १:१०० हे प्रमाण धरावे. त्यासाठी २५० टक्के मोठी प्रत काढावी लागेल आणि नौका १५ सेंटिमीटरची होईल. लांबी अडीचपट झाली की क्षेत्रफळ सव्वासहा पट होते, त्यामुळे ए-४ आकाराच्या एका पानावरील भागांना सहाहून अधिक पाने लागतील. मूळ पानाचे तुकडे पाडून, भाग मधोमध तुटणार नाहीत अशा बेताने एकेक तुकडा यंत्रावर ठेवावा. मूळ संच मात्र कापू नये. आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढून तीच कापावी.

खरी अडचण सांगाड्यात येते. कणा आणि बरगड्या एकमेकांत बसाव्यात म्हणून ज्या खाचा दिलेल्या असतात, त्या एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यासाठी आखलेल्या असल्या तर मोठ्या प्रतीत त्या अडीच मिलिमीटरच्या होतात. त्यात एक मिलिमीटरचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा) घातला तर बरगडी डुगडुगते, आणि डुगडुगत्या बरगडीवर सरळ डेक बसवणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे दोन ग्रे बोर्ड आणि त्यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या दोन कार्डशीट चिकटवून जाडी भरून काढावी, किंवा खाचांची एक कडा आत घेऊन त्या नव्याने अरुंद आखाव्यात. आमच्या मते दुसरा मार्ग बरा, कारण जाड थर कापताना मुलांच्या हातातील कटर तिरका जातो.

रेघही जाड होते. मूळची ०.२ मिलिमीटरची रेघ अर्ध्या मिलिमीटरची झाली की ती आतून कापायची, बाहेरून की मधून, हे ठरवावे लागते. मधून कापावी आणि सर्व भागांना तोच नियम लावावा. निम्म्या बरगड्या आतून आणि निम्म्या बाहेरून कापल्या गेल्या, तर दोन्ही कडा मिळून त्यांच्या रुंदीत एक मिलिमीटरचा फरक पडतो आणि बाहेरच्या पत्र्याच्या जागी लावलेले कार्ड तेथे लाटेसारखे दिसते. सर्व प्रती एकाच यंत्रावर, एकाच बैठकीत काढाव्यात. प्रत्येक पानावर दहा सेंटिमीटरची उभी आणि आडवी रेघ आखून ठेवली, तर प्रत काढताना एका दिशेला ताण आला आहे का, हे पट्टीने मोजून समजते.

५०० टक्के करून थेट १:५० वर जाण्याचा मोह टाळावा. लहान प्रमाणात जी खिडकी किंवा साखळी नुसती छापून भागते, ती मोठ्या प्रमाणात चित्रासारखी सपाट दिसू लागते. १:१०० मध्येही केबिनच्या खिडक्या कापून मागून पारदर्शक प्लॅस्टिक लावावे. नव्या शर्टाच्या पाकिटाचे प्लॅस्टिक त्यासाठी उत्तम.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात तयार केलेली नौका दिवाळीपर्यंत सुरेख होती. मे महिन्यात कपाटातून काढली, तेव्हा बाजूंवर आतील बरगड्या उठून दिसत होत्या आणि कणाही किंचित पिळवटला होता. वापरलेला गोंद नेहमीचा पांढराच होता. दोष गोंदाचा की हवेचा?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : दोघांचाही, आणि थोडा पुठ्ठ्याच्या दिशेचा. कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपलेले असतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. दमट हवेत हे तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि कोरड्या हवेत त्याच दिशेने आक्रसतो. आपल्याकडचा श्रावण आणि आपल्याकडचा मे यांच्यात हवेच्या ओलाव्याचा जो फरक पडतो, तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही. पावसाळ्यात फुगलेल्या स्थितीत चिकटवलेले कवच उन्हाळ्यात ताणले जाते आणि बरगड्यांच्या मध्ये आत ओढले जाते. उपाशी जनावराच्या फासळ्या दिसाव्यात तसे ते दिसते.

पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो. कडेला बारीक रेघ ओढण्यापुरता तो उत्तम आहे, पण दोन मोठे पृष्ठभाग एकमेकांवर चिकटवताना तो कागदाला पाणी पाजतो आणि वाळताना पुठ्ठा वाकवतो. कण्याचे थर चिकटवायला फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद वापरावा, कारण त्यात पाणी नसते. त्याचा वास उग्र आणि वाफ ज्वालाग्राही असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, दिवा-शेगडी दूर ठेवावी आणि हे काम लहान मुलांना देऊ नये. थर जोडताना दोन्हींचे ग्रेन एकाच दिशेने ठेवावेत आणि रात्रभर जाड पुस्तकांच्या दाबाखाली सपाट ठेवावे.

कवच एकाऐवजी दोन थरांचे करावे. आतला थर साध्या कार्डशीटचा, बरगड्यांना लागूनच चिकटवलेला. त्याचे उंचवटे बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावेत आणि मगच रंगीत थर चढवावा. सांगाडा बंद करण्यापूर्वी तो आतून-बाहेरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेने रंगवला, तर पुठ्ठा ओलावा बराच कमी घेतो. लाखेत पाणी नसल्याने ती लावताना पुठ्ठा वाकतही नाही. छापील भागावर ती लावण्यापूर्वी रद्दी तुकड्यावर अवश्य पाहावी, कारण काही इंकजेट शाया स्पिरिटने पसरतात आणि पांढरा रंग लाखेने पिवळसर होतो. जमल्यास सांगाड्याचे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या पुढे हाती घ्यावे.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. लाकडाची वस्तू मला हवी तशी वळवता येते, पण कागदी नौकेच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजू नीट जुळत नाहीत. कधी फट राहते, कधी फुगवटा येतो. कापण्यात तर चूक नाही.
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : आपल्या हाताविषयी शंका नाही. लाकूड तासून दोन्ही दिशांना गोल करता येते. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. त्याला नळी करता येते, शंकू करता येतो, वाटी करता येत नाही. नौकेच्या मध्यभागी बाजू केवळ वरून खाली वळलेली असते, पण पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेजवळ, ती वरून खाली वळतेच आणि पुढे जाताना आतही वळते. तेथे एका अखंड तुकड्याला जबरदस्तीने बसवले, की जादा कागद फुगवटा होऊन बाहेर येतो.

उपाय म्हणजे त्या भागाच्या लांबट पट्ट्या कराव्यात. खऱ्या नौकेच्या फळ्या ज्या रेषांवर जुळतात त्याच रेषांवर सांधे आले, तर ते दोष न वाटता बांधणीच वाटतात. पट्टी जेथे वळायची त्या वळणाच्या आसाला ग्रेन समांतर ठेवावा: नौकेच्या मध्यभागी तो लांबीच्या दिशेने, नाळेशी उभा. चिकटवण्यापूर्वी पट्टी तळहातावर किंवा जुन्या माउसपॅडवर ठेवून गुळगुळीत पेन्सिलीने मागच्या बाजूने दाब देत फिरवावी. हात काढल्यावर ती स्वतःहून योग्य आकारात राहिली पाहिजे. गोंदाच्या जोरावर वळवलेली पट्टी आज बसते, उद्या सुटते. डावीकडे एक पट्टी लावली की पुढची उजवीकडे लावावी. एक बाजू आधी पुरी केली तर तिच्या ओढीने कणा त्या अंगाला वाकतो. नाळेच्या अगदी टोकाची पट्टी छापील नमुन्यावरून थेट कापू नये. साध्या कागदाची पट्टी जागेवर धरून, नखाने कडा दाबून ठसा घ्यावा आणि त्यावरून कापावी.

कापलेल्या पांढऱ्या कडा जलरंगाने रंगवून मग भाग जोडावेत. एवढ्या एका गोष्टीने नौकेचे रूप जितके सुधारते, तितके नंतरच्या कोणत्याही सजावटीने सुधारत नाही.

प्रश्न : ट्रॉलरच्या डेकवर जाळे दाखवण्यासाठी मच्छरदाणीचा तुकडा पसरला, पण तो खोटा वाटतो. काय वापरावे?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तो खोटा वाटतो, कारण ट्रॉलच्या शेपटाकडील जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचे माप, ४० मिलिमीटरचा धरला, तर १:१०० मध्ये तो ०.४ मिलिमीटर होतो. मच्छरदाणीचे छिद्र त्याच्या तिपटीहून कमी नसते. म्हणजे आपल्या नौकेवर किमान बारा सेंटिमीटर लांबी-रुंदीची भोके असलेले जाळे पसरले आहे. जखमेवर बांधण्याची विरळ पट्टी चहाच्या पाण्यात रंगवून, विरलेल्या गोंदात बुडवून, चुरगळून ढीग करावी. ढिगात छिद्राचे माप डोळ्याला कळत नाही.

जाळे नौकेच्या जातीला साजेसे हवे, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण समुद्र न पाहिलेल्या आपल्यासारख्यांची गफलत इथेच होते. ट्रॉलचे जाळे पिशवीसारखे निमुळते असते. त्याच्या वरच्या दोराला तरंगणारे गोळे आणि खालच्या दोराला वजने असतात, आणि ओढताना तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या मारलेल्या दोन जड फळ्या असतात. त्या फळ्या मागच्या बाजूला टांगलेल्या आणि दोर गुंडाळणारे विंच डेकवर, एवढे दाखवले तरी जाणकाराला नौका ट्रॉलर आहे हे पटते. गोळ्यांसाठी मोहरी चालते: साधारण दीड-दोन मिलिमीटरची मोहरी म्हणजे १:१०० मध्ये पंधरा-वीस सेंटिमीटरचा गोळा. दोरासाठी शिवणाचा दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते.

प्रश्न : खळ वापरली तर चालेल का? बाजारचा गोंद महाग पडतो.
— अनेक वाचक

उत्तर : चालत नाही. खळीत गोंदाहूनही अधिक पाणी असते, शिवाय कसर आणि झुरळे तिच्यावर ताव मारतात. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे आणि मुलांच्या हाती देण्याजोगे नाही.

प्रश्न : आम्ही ढिवर समाजाचे असून गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करतो. समुद्रातल्या ट्रॉलरऐवजी आमच्याच सपाट बुडाच्या फळ्यांच्या डोंग्याची प्रतिकृती मुलाला करून द्यायची आहे. त्याचा छापील नमुना कुठेच नाही.
— एक वाचक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : आपला प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला. नमुना नसल्याची खंत नको. मोजण्यासाठी मूळ वस्तू आपल्या दाराशी आहे आणि सपाट बुडाची नाव ही कार्डासाठी सर्वांत सोयीची, कारण तिच्या फळ्या एकाच दिशेला वळतात. डोंगा काठावर सपाट जागी घ्यावा. मधोमध टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणावी आणि तिच्यावर दर ५० सेंटिमीटरला खूण करावी. प्रत्येक खुणेशी वरची रुंदी, बुडाची रुंदी आणि खोली अशी तीन मापे घेऊन वहीत लिहावीत. डोंगा साडेचार मीटरचा असला तर १:२५ प्रमाणात तो १८ सेंटिमीटरचा होईल आणि प्रत्यक्षातील ५० सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीत २ सेंटिमीटर, इतके हिशेबाला सोपे जाईल.

प्रत्येक मापावरून पुठ्ठ्याची एक बरगडी कापावी, सर्व बरगड्या बुडाच्या तुकड्यावर आपापल्या जागी उभ्या कराव्यात आणि बाजूची फळी मात्र मापांवरून आखू नये. बाजू बाहेर कललेली असल्याने ती सपाट पसरली असता तिच्या कडा धनुष्याकृती होतात. बाजूने पाहून काढलेल्या चित्रावरून ती कापली तर हमखास आखूड पडते. बरगड्यांना टेकवून साधा कागद गुंडाळावा, वरची व खालची कडा पेन्सिलीने उतरवून घ्यावी आणि त्या कागदावरून कार्ड कापावे. फळी अडीच सेंटिमीटर जाड असेल तर १:२५ मध्ये ती एक मिलिमीटर, म्हणजे नेमकी ग्रे बोर्डाएवढी भरते. तिला गोंद सुकेपर्यंत कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत. आत दिसणाऱ्या बरगड्या खऱ्या डोंग्यात जेवढ्या आहेत तेवढ्याच ठेवून बाकीच्या शेवटी काढून टाकाव्यात, म्हणून त्या सुरुवातीला फक्त टोकाशी थेंबभर गोंदाने धरलेल्या असाव्यात.