बीडीएसचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीचा अभ्यास आपल्याला झेपेल का, हे प्रवेशाआधी कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावीला पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ६८ टक्के, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला ३१० गुण. सीट लागली तर अभ्यास झेपेल, की पहिल्याच वर्षी अडकायला होईल?

पात्रतेचं आधी संपवू. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, शिवाय नीट क्वालिफाय व्हावं लागतं. राज्य कोट्यातली सीट नागपूरला लागते की अमरावतीला, ते राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांत ठरेल. पण अभ्यास झेपण्याचा त्या ३१० शी संबंध बेताचाच आहे. त्याची फोड जास्त सांगते: जीवशास्त्र ३६० पैकी २१२, रसायन १८० पैकी ६४, भौतिक १८० पैकी ३४.

भौतिकच्या ३४ ची मला फारशी काळजी वाटत नाही, बीडीएसला तो स्वतंत्र विषय नाहीच. रसायनाचे ६४ मात्र आडवे येतील. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीला (शरीरक्रियाशास्त्र) जोडून बायोकेमिस्ट्री (जीवरसायनशास्त्र) असते, दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि डेंटल मटेरियल्स, म्हणजे दातांच्या कामात वापरायचे पदार्थ. साधं प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या, दातांचं मॉडेल करायला वापरतात ते. १०० ग्रॅम प्लास्टरचं पुन्हा जिप्सम व्हायला हिशेबाने १८.६ मिली पाणी पुरतं. प्रत्यक्षात ५० मिलीच्या आसपास घालावं लागतं, नाहीतर ते कालवताच येत नाही. जास्तीचं पाणी उडून जातं, त्या जागी बारीक पोकळ्या राहतात, म्हणून पाणी सैल हाताने घातलं की मॉडेल ठिसूळ होतं. हा १८.६ चा आकडा कागदावर काढून बघा. समीकरण समोर असूनही निघाला नाही, तर अकरावीची मोल संकल्पना, मग आम्ल-आम्लारी आणि बफर, मग बारावीचे जैवरेणू, या क्रमाने मागे जा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नीटचा पेपर मराठीत देता येतो, बीडीएसचा नाही. शिकवणं, पुस्तकं, उत्तरं, तोंडी परीक्षा, सगळं इंग्रजीत. त्यात नीटच्या तयारीत उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करून लिहिण्याची सवय मोडलेली असते. इथे तीन तासांत ७० गुणांचा लेखी पेपर, आणि वर २० गुणांची तोंडी. बारावीला ३५ टक्क्यांवर पास होता येतं, इथे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात. हुशार मुलं पहिल्या वर्षी अडकतात ती बहुतेक इथेच: समजलेलं असतं, पण कागदावर उतरत नाही.

म्हणून ही चाचणी घ्या. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातल्या रक्ताभिसरणाच्या धड्याची चार पानं २५ मिनिटांत वाचा. अडलेले शब्द मोजा. पुस्तक मिटून १५ मिनिटांत हृदयाची आकृती, भागांची नावं आणि रक्ताचा मार्ग कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहा. तीन दिवसांनी, न वाचता, पुन्हा लिहा. वेगवेगळे धडे घेऊन हे दोन आठवडे करा. पहिल्या दिवशी अर्धंच जमलं तरी हरकत नाही. दुसऱ्या आठवड्यात अडणारे शब्द घटले आणि तीन दिवसांनंतरचं उत्तर टिकू लागलं, तर मराठी शाळेतून आल्याने काही बिघडत नाही. वाक्यंच्या वाक्यं पाठ करून हा निकाल सुधारू नका. तोंडी परीक्षेत पहिल्याच ‘का’ला ते पाठांतर कोसळतं.

त्या ‘का’चा एक नमुना देतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. मग त्याच गावात लग्न होऊन आलेल्या बाईने वीस वर्षं तेच पाणी प्यायलं, तरी तिच्या दातांवर तसे डाग का पडत नाहीत? पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं विचार करा.

इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधीच आपलं काम संपवतात. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचा वरचा भाग साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून होतो, आणि डाग पडतात ते त्या घडणीच्या काळात. हाडं मात्र आयुष्यभर झिजत आणि भरत राहतात, म्हणून त्या बाईला सांध्यांचा त्रास होऊ शकतो. हे सगळं तुम्हाला आधी माहीत असण्याची गरज नाही. ‘दात कधी घडतो?’ हा प्रश्न मनात आला असेल, तर डोकं तयार आहे.

राहिला हात. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. घरी कपड्यांच्या साबणाची नवी, न वाळलेली वडी घ्या. वरचा मधला पुढचा दात दुप्पट मापात कोरा: लांबी ४७ मिमी (त्यात मूळ २६), रुंदी १७, जाडी १४. आधी समोरची आणि बाजूची, अशा दोन्ही आकृत्या पेन्सिलने काढा आणि पट्टीने मोजत पातळ-पातळ सोला. पहिलाच काप खोल गेला की माप हातचं जातं, कारण काढलेला साबण परत लावता येत नाही. वाळलेल्या वडीचे टवके उडतात. पहिला दात सगळ्यांचाच बिघडतो. चौथा पहिल्यापेक्षा मापाच्या जवळ आला का, एवढंच बघा. चारही सारखेच चुकले आणि पाचवा करायचा कंटाळा आला, तर थांबून नीट विचार करा, कारण पुढची सगळी वर्षं याच कामाची आहेत.

जीवशास्त्रात २१२ आहेत, तेव्हा साबणाचं काम जमत असेल तर इंग्रजीच्या भीतीने सीट सोडू नका, असंच मी सांगेन. पण गाफीलही राहू नका: प्रवेशापासून तीन वर्षांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटले नाहीत, तर कोर्समधून नाव निघतं. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. त्यात रोज दीड तास रसायन आणि एक तास इंग्रजी लेखन करा. दातांचा भागही वाचून ठेवा: पचन आणि शोषणाचा धडा २०२४ पासून नीटला नाही, त्यामुळे तो तुमचा राहिलाच असेल. राज्य मंडळाच्या अकरावीच्या जीवशास्त्रात तो ‘ह्यूमन न्यूट्रिशन’ या नावाने सापडेल.