ध्रुवसारख्या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरपासून खरं लढाऊ हेलिकॉप्टर बनतं का?

तुमचा प्रश्न असा: ध्रुव मुळात जवान आणि सामान वाहणारं हेलिकॉप्टर. त्याला तोफ, रॉकेटं लावून केलेली रुद्र आणि प्रचंड म्हणजे जुगाडच नव्हे का? आणि अपाचेसारखं अमेरिकी लढाऊ हेलिकॉप्टर असताना ती हवीत कशाला?

जुगाड म्हणणं मला अजिबात पटत नाही. हेलिकॉप्टरमध्ये सगळ्यात चिवट काम असतं ते इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटरचं, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांचं. ध्रुव पहिल्यांदा उडालं 1992 मध्ये, आणि त्याचं हे यंत्र पुढे हिमालयात वर्षानुवर्षं राबून पक्कं झालं. त्याच्या रोटरला बिजागऱ्या नाहीत, त्यामुळे पायलटने दांडा हलवला की यंत्र लगेच वळतं. वायुसेनेचं सारंग पथक कसरती करतं ती ध्रुववरच. लढाईत हाच चपळपणा लागतो, मग तो नव्याने कशाला शोधायचा? अमेरिकेनेही 'ह्युई' या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरचं इंजिन आणि रोटर घेऊन त्यावर अरुंद अंगाचं कोब्रा हे लढाऊ हेलिकॉप्टर बसवलं. ते 1965 मध्ये उडालं आणि व्हिएतनाममध्ये लढलं.

रुद्र आणि प्रचंड यांत मात्र गल्लत करू नका. रुद्र म्हणजे शस्त्रं लावलेलं ध्रुवच. दोघे पायलट शेजारी शेजारी, पोट तेवढंच रुंद, नाकाखाली 20 मिलिमीटरची तोफ. प्रचंडमध्ये 'शक्ती' नावाची इंजिनं तीच, पण सांगाडा वेगळा: पायलट एकामागे एक आणि अंग अगदी सडपातळ. बेंगळुरूजवळ येलहंकाच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात मी प्रचंडच्या बरोबर नाकासमोर उभा राहिलो, तेव्हा हा फरक डोळ्यांत भरला. समोरून पाहिलं तर शत्रूला नेम धरायला जागाच किती कमी उरते! तोफ पायलटच्या हेल्मेटशी जोडलेली असते; तो मान वळवेल तिकडे तोंड फिरवते.

हलकंच का हवं, याचं उत्तर कारगिलमध्ये आहे. 28 मे 1999 रोजी तोलोलिंग शिखरावर रॉकेटं डागायला वाहतुकीची एमआय-17 पाठवावी लागली. त्यातलं एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं आणि चौघे वायुसैनिक गेले. आपल्याकडे एमआय-35 ही लढाऊ हेलिकॉप्टरं होती, पण ते वजनदार धूड त्या उंचीवर कामाचं नव्हतं. विरळ हवेत रोटरची उचल घटते, इंजिनाचा जोरही घटतो, आणि मग प्रत्येक किलो जड होतो. प्रचंड भरून 5.8 टन, अपाचे 10 टनांच्या घरात. ऑगस्ट 2015 मध्ये प्रचंडचा नमुना 500 किलो वजनासह सियाचिनमधल्या 15,800 फुटांवरच्या हेलिपॅडवर उतरला. 1999 मध्ये हेच हाताशी असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एक दुखणं खरं आहे. यंत्र सामाईक असलं की त्यातला दोषही सामाईक होऊ शकतो. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि ध्रुवचा ताफा काही महिने जमिनीवर ठेवावा लागला. पण त्यावर इलाज कसून तपासणीचा आहे, वेगळ्या यंत्राचा नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये 156 प्रचंडचा करार झाला, त्यातली 90 लष्कराची आणि 66 वायुसेनेची. मैदानात रणगाड्यांचे ताफे फोडायला अपाचे जरूर असावं. लडाखच्या शिखरांसाठी मी प्रचंडच मागेन.